आवाज फाटावा, पण खरखरू नये

सप्ताह असो, सत्कार असो की साखरपुडा, गावाकडच्या कुठल्याही कार्यक्रमात एक माणूस ठरलेला असतो. मंडपाच्या मागच्या टोकाला तो हात वर करतो आणि ओरडतो, "ओ साउंडवाले, आवाज फाटतोय!" साउंडवाला मग अँप्लिफायरचं एखादं बटण फिरवतो, बहुतेक वेळा नको तेच, आणि कार्यक्रम पुढे सरकतो. अशा मुलखात कळवणच्या एका तरुणानं स्वतःच्या खिशातले पैसे घालून, कुरिअरवाल्या पोराला फोनवर चारचारदा घराचा पत्ता सांगून, एक यंत्र मागवलं. आवाज फाडणं हे त्या यंत्राचं एकमेव काम.

त्याला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. तळहाताएवढी पत्र्याची डबी, वर ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल अशा तीन खुंट्या, खाली पायानं दाबायचं बटण. एका बाजूनं गिटारची वायर आत शिरते, दुसऱ्या बाजूनं अँप्लिफायरकडे निघते. आतली चिप सिग्नलला शंभरेक पटींनी फुगवते आणि दोन चिमुकले डायोड त्या फुगलेल्या लाटांचे शेंडे छाटतात. शेंडे छाटलेली लाट म्हणजेच फाटलेला आवाज. ही खरेदी झाली ती उन्हाळ कांद्याचे पैसे हातात आले त्या आठवड्यात. त्या आठवड्यात कळवण तालुक्यात सारासार विचार करायला कुणालाच सवड नसते.

डबी आली, काही दिवस वाजली, आणि मग एका दुपारी ओसरीवर स्क्रू काढून उताणी पडलेली वडिलांना दिसली.

"बिघडली?"

"नाही, चालू आहे."

"मग उघडली कशाला?"

"खरखर येते. ती काढायची आहे."

"तू ती आवाज फाडायलाच आणलीस ना?"

"हो. आवाज फाटला पाहिजे, पण खरखरला नाही पाहिजे."

वडिलांनी आधी डबीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "चहा घे," ते म्हणाले.

आवाज बिघडवण्यासाठी माणसानं घेतलेले कष्ट पाहिले की वडिलांची बाजू जास्तच पटते. १९५८ मध्ये लिंक रे या अमेरिकन गिटारवादकानं 'रंबल'साठी स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली, असं सांगतात. १९६४ मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हीसनं ब्लेड घेऊन स्पीकरचा कागदच चिरला. त्याआधी, मार्टी रॉबिन्सचं १९६१ मध्ये गाजलेलं एक गाणं नॅशव्हिलला रेकॉर्ड होत असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार भलतीच घोगरी उमटली. शहाण्या माणसांनी ते पुन्हा रेकॉर्ड केलं असतं. यांनी तसंच ठेवलं, गाणं चाललं, आणि पुढच्या वर्षी तोच बिघाड मागाल तेव्हा काढून देणारी 'फझ-टोन' नावाची पेटी बाजारात आली. तिथून बिघाडाचं रीतसर उत्पादन सुरू झालं. पुढे जपान्यांनी त्यात लक्ष घातलं. १९७७ मध्ये बॉसचं ओडी-१ आलं, आणि ते दशक संपता संपता आयबानेझचं हिरवं 'ट्यूब स्क्रीमर', टीएस८०८. सुसुमु तामुरा या इंजिनिअरनं आखलेली ही डबी इतकी गाजली, की आज बाजारात हिरवं पेडल दिसलं तर ते बहुधा तिचं लेकरू, पुतणं किंवा सरळ सरळ चोरी असते. कळवणला आलेलं पेडल तिसऱ्या वर्गातलं होतं.

गड्याला रॉक संगीताचं वेड होतं म्हणावं, तर तेही नाही. तो गिटार वाजवतो, पण चार पैसे मिळतात ते लग्नसराईत, बँजो पार्टीत. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचं मूळ निघतं थेट जपानात. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते फिरत फिरत हिंदुस्थानात आलं आणि महाराष्ट्रात येऊन वरातीत शिरलं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यात रितेश देशमुख हेच वाद्य वाजवतो. वरातीतल्या बँजोला तारांचं कंपन वायरीत उतरवणारा पिकअप बसवलेला असतो आणि तो गिटारच्याच पेडलांमधून वाजतो, कारण नुसत्या तारांचा टणटणाट ढोल, ताशा आणि नवरदेवाचे मामा यांच्यापुढे टिकत नाही.

कळवण तालुक्याच्या कानाला खरं तर मोठ्या आवाजाचं वावडं नाही. सप्तशृंगगड याच तालुक्यातला, तिथे संबळ कडाडतो. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी घुमते ती पार पलीकडच्या पाड्यावर ऐकू जाते. पण या वाद्यांना व्होल्ट लागत नाहीत. त्यामुळे त्यांना हमिंगही येत नाही.

पेडलला येतं. ड्राइव्हची खुंटी उजवीकडे नेली की दोन आवाज निघतात. पहिला 'घूंऽऽ', याला साउंडवाले हमिंग म्हणतात. दुसरा 'स्सऽऽ', ही खरखर. हमिंग आपल्या विजेचं. ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून हमिंगही पन्नास हर्ट्झचं आणि त्याच्या पटींतलं. खरखर मात्र निसर्गाचीच आहे. १९२८ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलं, की कुठल्याही रेझिस्टरमध्ये नुसत्या उष्णतेनं इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालू असते आणि पुरेसं मोठं केलं तर ती ऐकू येते. रेझिस्टर मोठा तर चुळबुळ जास्त, आणि तापमान जास्त तर चुळबुळ जास्त.

हे वाचलं तेव्हा मे महिना चालू होता. गड्यानं ताबडतोब घरातला कूलर ओढून पेडलसमोर लावला. आता हे तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं असतं आणि वर त्याचं वर्गमूळ काढायचं असतं. त्यामुळे पेडलभोवतीची हवा पंधरा अंशांनी गार झाली तरी खरखर जेमतेम अडीच टक्क्यांनी उतरते. उलट कूलरची मोटार पिकअपला शेजारून ऐकू यायला लागली. घरातली बाकीची मंडळी तोवर आतल्या खोलीत घामाघूम.

दुसरा शोध आईच्या देखत लागला. गिटारच्या तारेला हात लावला की हमिंग कमी होतं, हात काढला की परत सुरू. यात चमत्कार काही नाही. माणसाचं शरीर घरातल्या वायरिंगचं हमिंग गोळा करून शेजारच्या पिकअपला देत असतं. तारा पेडलच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यांना हात लागला की शरीरही ग्राउंडला जोडलं जातं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"हात लावला की थांबतं ना?"

"हो."

"मग लावून ठेव."

पुढचे काही दिवस गडी एका हातात गिटार धरूनच चहा पीत असे.

पण नुसता हात लावून प्रश्न सुटला, तर सोल्डरिंग आयर्न विकत कशाला घ्यायचा? दुरुस्तीचं पहिलं पाऊल बाजारपेठेत पडलं, एका इलेक्ट्रिकच्या दुकानात.

"शून्य पॉइंट एकचा कपॅसिटर आहे का?"

"अडीचचा आहे."

"एवढा मोठा नको."

"पंखा हळू फिरतो ना? अडीचचाच लागतो."

"पंख्याला नको, गिटारला पाहिजे."

दुकानदारानं गल्ल्यामागून मान वर काढून गिऱ्हाईक नीट बघून घेतलं. "गिटार हळू फिरते?"

शेवटी नाशिक गाठावं लागलं. वणी, दिंडोरी करत एसटीनं सत्तर-ऐंशी किलोमीटर जायचं, आणि तिथे गेल्यावर कळायचं की रेझिस्टर रुपयाच्या आतबाहेर मिळतो, पण सुटा मिळत नाही. शंभराचं पाकीट घ्या. हवे होते दोन मापांचे एकेक. उरलेले आजही घरात आहेत, आणि आई दर दिवाळीच्या साफसफाईत ते हातात धरून विचारायची, "हे टाकू?" उत्तर दरवर्षी तेच यायचं: "लागतील."

हे दोन रेझिस्टर म्हणजे पेडल उघडून सुधारणाऱ्यांच्या पंथाची पहिली दीक्षा. १९८२ चं टीएस९ आणि त्याआधीचं टीएस८०८ यांच्या सर्किटमध्ये फरक मुख्यतः शेवटच्या दोन रेझिस्टरांचा. ४७० ओहमच्या जागी १०० घाला, एक लाखाच्या जागी दहा हजार घाला, की नऊचं आठशे आठ होतं. जगात या दोन तुकड्यांवर माणसांनी धंदे उभे केलेत, आणि आवाज 'उबदार' होतो यावर सगळ्यांचं एकमत आहे. वास्तविक हे दोघे सिग्नल बाहेर पडतो त्या दारात बसलेले, फाडाफाडी आत आधीच उरकलेली. पुढच्या अँप्लिफायरला त्यांची फार तर किंचित चाहूल लागावी. पण हे बोलून दाखवणाऱ्याला या पंथात कान नसलेला समजतात.

बसवायला गडी रात्री बसला. रेझिस्टरवर आकडा लिहिलेला नसतो, रंगाचे पट्टे असतात. तपकिरी-काळा-तपकिरी म्हणजे १०० ओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. पिवळ्या बल्बच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी हे सख्खे जुळे भाऊ. दोन्ही रेझिस्टर एकमेकांच्या जागी बसले. पेडल चालू केलं आणि गड्याला भरून आलं. हमिंग नाही, खरखर नाही, इतकी शांतता की बाहेर कुत्रं भुंकलेलं स्वच्छ ऐकू आलं. तार छेडल्यावर कळलं, की गिटारही नाही. अशी अदलाबदल झाली की सिग्नलचा सुमारे शंभरावा भागच बाहेर येतो. आवाज कमी करण्याच्या सगळ्या प्रयत्नांत तांत्रिकदृष्ट्या सर्वांत यशस्वी ठरला तो हाच.

मग ते पुन्हा काढणं आलं. सोल्डर वितळतं १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान, पण ते पिनेभोवतीच्या भोकातून बाहेर यायला तयार नसतं. सोल्डर ओढणाऱ्या पंपाची कळ दाबायची, 'खटॅक' असा आवाज होतो आणि निम्मं सोल्डर पंपात जातं. उरलेल्या निम्म्यासाठी आयर्न आणखी थोडा टेकवून ठेवायचा. बोर्डावरचं तांब्याचं कडं टिकलीपेक्षाही लहान असतं. जास्त वेळ तापलं की ते आधी कडेनं सुटतं, मग आयर्नच्या टोकाला चिकटून वर येतं, आणि ते टोक डोळ्यांसमोर धरल्यावर कळतं, की हे आता परत बसणार नाही. मग वायरीतला एक केसाएवढा धागा काढा, तो रेझिस्टरच्या पायाला गुंडाळा, दुसरं टोक पुढच्या कुठल्या तरी जोडावर टेकवा. खिडकीतून राळेचा धूर बाहेर जातो. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "धूप कसली घालताय? काही कार्य आहे का?"

कपॅसिटर बदलला. ०.०४७ मायक्रोफॅरडच्या जागी ०.१ घातला की चिपची पूर्ण फुगवाफुगवी ७२० हर्ट्झऐवजी ३४० च्या आसपास सुरू होते, म्हणजे खर्ज भरतो. बँजोला खर्ज मुळात असतोच किती, हा विचार नंतर सुचला. मग डायोड. साधा सिलिकॉन डायोड लाट ०.६ व्होल्टच्या आसपास छाटतो. तांबड्या एलईडीला पावणेदोन व्होल्ट लागतात, म्हणून त्याची छाटणी सैल आणि आवाज मोठा. एलईडी गणपतीच्या माळेतून निघाले. त्या वर्षी मखरात एका बाजूला अंधार होता. जुन्या जर्मेनियम डायोडची छाटणी ०.३ ला, त्याचा आवाज मऊ म्हणतात. तो मिळाला आजोबांच्या ट्रान्झिस्टर रेडिओत, जिथे स्टेशन ऐकू येण्याचं सगळं काम त्या एका डायोडकडे असतं. आजोबा आठवडाभर कानाशी रेडिओ धरून बसले. "आकाशवाणीचा संप आहे का रे?" त्यांनी विचारलं. नातू म्हणाला, "असेल."

चिपची कथा तर स्वतंत्र आहे. ट्यूब स्क्रीमरच्या पोटातली जेआरसी ४५५८ ही चिप या पंथाचं दैवत. जुन्या छापाची मिळावी म्हणून परदेशात माणसं चिपच्या कित्येक पट पैसे मोजतात, आणि एवढी मागणी असल्यावर नकली छापही आपोआप तयार होतात. गड्यानं आधी ती काढून दुसऱ्या लावून पाहिल्या. टीएल०७२ चा स्वतःचा नॉइज १८ नॅनोव्होल्टांच्या हिशेबातला, ४५५८ चा आठच्या आसपास, एनई५५३२ चा पाच. नॅनोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा अब्जावा भाग. भिंतीतल्या वायरिंगचं जे हमिंग पिकअपमधून शिरत होतं, ते याच्यापुढे हत्तीच्या मापाचं होतं. पण आकडा आठचा पाच झाला याचा आनंद काही औरच, आणि पाचवर समाधान होईना म्हणून 'अस्सल' ४५५८ चा शोध सुरू झाला.

तो संपला गावातल्याच टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात. दुकानात आता टीव्ही कमी आणि सेट टॉप बॉक्स जास्त, पण मालक, सगळ्यांचे नाना, टेबलाशी बसलेले असतात.

"नाना, ४५५८ कुठे मिळेल? मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊ का?"

नानांनी खालचा खण ओढला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत ओळीनं वीस-पंचवीस चिपा. "किती देऊ?"

"नाना, ही जगभर शोधतात!"

"होम थिएटरच्या बास-ट्रेबलच्या बोर्डात असते ही. शोधतात कशाला? खराब झाली की मी बदलून देतो."

गड्याचा चेहरा उतरला. हव्या त्या वस्तूनं निदान थोडं तरी दुर्मिळ असावं, ही अपेक्षा फार अवास्तव नाही. दहा रुपयांत दैवत घरी आणून त्यानं ते बेसमध्ये बसवलं, आणि ऐकायला आपल्या ढोलवाल्या मित्राला बोलावलं.

कसोटी अशी ठरली: गडी पाठ करून वाजवणार, मित्र मागून चिपा बदलत राहणार, आणि गड्यानं फरक सांगायचा. मित्रानं पहिल्या खेपेला डबी उघडली, स्क्रू-ड्रायव्हर दोनदा आपटला आणि काहीही न बदलता डबी बंद केली.

"वाजव."

"वा! आवाजावरचं झाकण निघालं बघ. आता हवा खेळतेय."

मित्रानं पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर आपटला.

"ही नको. ही टोचते. पहिलीच लाव."

मित्रानं पहिलीच ठेवली होती, ती तशीच ठेवली. खरं कळल्यावर गडी काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "स्क्रू-ड्रायव्हरच्या धक्क्यानं बेसमधले कॉन्टॅक्ट सुधारले असतील."

एकट्या कळवणला हसण्यात अर्थ नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरी विकणाऱ्या जगभरच्या कंपन्या याच कानांवर जगतात, आणि हे लिहिणाऱ्यालाही नवा मोबाइल घेतल्याच्या दिवशी जुनी गाणी जास्त सुरेल वाटली होती. अर्थात टोनसाठी खटाटोप हा मुळातच वेडेपणा, असंही नाही. मिरजेला जाऊन पाहावं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून तिथे तंतुवाद्यांची परंपरा चालत आली, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, मग पुन्हा किंचित घासतो. तारेखालचा दोरा सुतभर सरकला की आख्खा सूर फुलतो किंवा मिटतो, आणि ते शेजारी बसलेल्या अडाण्यालाही कळतं. तो आधी ऐकतो आणि मग हात लावतो. आपला गडी आधी हात लावून मोकळा होत होता, आणि हातानं केलेल्या मेहनतीला कान नाही म्हणू शकत नव्हते.

हमिंग मात्र जिथल्या तिथे होतं. नानांनी एका संध्याकाळी दुकान बंद करून घरी येऊन पेडल पाहिलं. उघडलं नाही, नुसतं पाहिलं.

"अडॅप्टर काढ. नऊ व्होल्टची बॅटरी लाव."

बॅटरी लावल्यावर हमिंग निम्मं गेलं. अडॅप्टर मोबाइलच्या चार्जरचा चुलतभाऊ होता, विजेतली सगळी धूळ गाळून न घेताच पुढे ढकलत होता. त्यावर नानांनी सुचवलेला उपाय फार साधा: पॉवरच्या वाटेवर १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. त्या जोडीपुढे सोळा हर्ट्झच्या वरचं फडफडणं दबत जातं, शंभर हर्ट्झचं तर सहाव्या हिश्श्यावर येतं. शंभर ओहमचे रेझिस्टर घरात होतेच, नव्व्याण्णव. गड्यानं आईकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"पंखा बंद कर," नाना म्हणाले.

पंखा बंद झाला आणि उरलेल्यातलं निम्मं गेलं. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट अर्धवट कापून पंख्याला देतो, आणि त्या कापण्याची चरचर घरातली प्रत्येक वायर ऐकवत बसते. आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "आता पंख्याचाही संप का?"

मग नानांनी अँप्लिफायरचा प्लग उपसून हातात घेतला. तिसरी, जाड पिन कुणीतरी कधीकाळी करवतीनं कापून टाकली होती, कारण एक्स्टेन्शन बोर्डला भोकं दोनच होती. भिंतीतल्या बोर्डला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे वायर नव्हती. घराचं अर्थिंग नावालाच. नानांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. १९७२ मध्ये लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक स्वॉन्सीच्या रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून सगळ्यांच्या देखत गेला. तिसरी पिन कापून हमिंग घालवण्याची युक्ती सांगणारे शहाणे आजही भेटतात. त्यांच्याकडून चिप घ्यावी, सल्ला घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला. तांब्याची पट्टी, त्यावर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, आणि वर पाणी घालायला एक पाइप. जमीन ओली असली की अर्थिंग चांगलं लागतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. गडी सकाळी बादली घेऊन त्या पाइपात पाणी ओतताना शेजारच्या आबांनी कुंपणावरून पाहिलं.

"काय पेरी ऱ्हायना रे भाऊ?"

"अर्थिंग, आबा."

"पानी जास्ती लागस का?"

"उन्हाळ्यात लागतं."

"मंग कांदाच बरा."

नवीन अर्थिंग, कापलेल्या पिनेच्या जागी नवा प्लग, पॉवरला फिल्टर, पंख्याला टप्प्याटप्प्यानं फिरणारा साधा रेग्युलेटर. पेडल चालू केलं, ड्राइव्ह पूर्ण उजवीकडे नेला. राहिली ती फक्त जॉन्सन आणि नायक्विस्ट यांची सुस्स, आणि तिच्याशी भांडायला माणूस चुळबुळ करणाऱ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा हट्टी हवा. पेडलच्या आत बदललेल्या डझनभर तुकड्यांपैकी कामाचे होते पॉवरच्या वाटेवरचे दोन, तेही नानांनी सांगितलेले. बाकीचे तसेच राहू दिले, कारण ते काढायचे म्हणजे पुन्हा कडं उचकटणार. आजोबांचा डायोड तेवढा परत रेडिओत गेला, आणि आकाशवाणीचा संप मिटला.

लग्नसराईत पहिल्याच वरातीला हे स्वच्छ पेडल बँजोला जोडलं. गाडीवर जनरेटर, म्हणून पेडलला बॅटरी. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू होण्याआधी पार्टीचे मास्तर गर्दीतून वाट काढत आले.

"तुझं पेडल बंद पडलंय."

"चालू आहे, मास्तर. दिवा बघा."

"मग घूं कुठे गेलं?"

"काढलं. खूप मेहनत घेतली."

"काढलं?" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, दोन गाण्यांच्या मध्ये घूं चालू असलं की पब्लिकला कळतं, मशीन तापलंय, आता पुढचं वाजणार. एकदम शांत झालं की बाया जेवायला वळतात. बघ तिकडे."

तिकडे खरोखरच नवरदेवाच्या मावश्या मंडपाकडे निघाल्या होत्या.

त्या रात्री गड्यानं पेडल पुन्हा उघडलं. डबीच्या कडेला भोक पाडून एक छोटा स्विच बसवला, वर मार्करनं लिहिलं: 'जुना / नवा'. मास्तरांनी पुढच्या वरातीत तो 'जुना'वर टाकला, दोन स्वर वाजवायला लावले आणि मान डोलावली. "हां, आता कसं! बॉडी आली." महिन्याभरात देवळ्याच्या आणि सटाण्याच्या पार्ट्यांचे बँजोवाले आपापली पेडलं घेऊन हा स्विच बसवायला यायला लागले. गडी दोनशे रुपये घेतो आणि रेझिस्टरच्या त्या पाकिटांतला एखादा तुकडाही बसवून देतो, त्यामुळे आईनं आता ते टाकायचं नाव काढलेलं नाही. स्विचला आतून वायर जोडायची की नाही, हे तो गिऱ्हाईक बघून ठरवतो. मास्तरांच्या पेडलमध्ये जोडलेली नाही, आणि मास्तर गाणं बघून तो कधी 'जुना'वर टाकतात, कधी 'नवा'वर.